गळक्या नळीखालची घटपर्णी

मी एक जुनी घटपर्णी आहे. वय वर्षे एकोणीस. सध्याचा मुक्काम दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीच्या कोपऱ्यात, एसीच्या गळक्या नळीखाली. मित्रांनो, पत्ता ऐकून हळहळू नका. मला इथे काही कमी नाही. मी इथे कशी आले तेवढे सांगते, आणि सांगून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणे आहे. मागणे लहानसेच आहे.

आधी माझी ओळख करून देते, कारण माझ्याबद्दल गैरसमज फार. माझ्या पानाच्या टोकाला एक बारीक दोरी फुटते. ती खाली लोंबते, मग तिचे टोक वर वळते आणि आठवडेच्या आठवडे फुगत राहते. त्याचा होतो घट. घट पुरता वाढला की त्याचे झाकण उघडते. आत माझाच पाण्यासारखा रस असतो. काठ गोड आणि गुळगुळीत असतो. मुंगी येते, माशी येते, गोडाच्या नादात पाय घसरतो आणि ती आत पडते. मग मी तिला सावकाश पचवते. लोकांना वाटते की माझे झाकण खटकन मिटते. मी काय उंदराचा पिंजरा आहे? झाकण एकदा उघडले की कायमचे उघडे. मी कोणाच्या पाठी लागत नाही. यावे, बघावे, पाय सांभाळावा. ज्याने सांभाळला नाही त्याला मी तरी काय करणार?

हा उद्योग मी हौसेने करत नाही. आमचे कूळ जिथे वाढले तिथली जमीन अगदी निकस. मुळांना खायला काही मिळेना, म्हणून पानांनी ही सोय केली. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माझ्या मुळांना भरल्या ताटाची सवय नाही. आणि घटातले ते साचलेले पाणी म्हणजे माझे पोट आहे. माझी सगळी कहाणी या दोन गोष्टींवरून घडली.

माझा जन्म बियांतून झाला नाही. एका काचगृहाच्या माळ्याने जुन्या वेलाची फांदी छाटली आणि तिचे तीन तुकडे केले. दोन कुजले, उरलेला तुकडा म्हणजे मी. तिथे शाळेची मुले घेऊन आलेल्या जीवशास्त्राच्या बाईंनी मला मागून घेतले. सगळी शाळा त्यांना नुसते 'बाई' म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणते. त्यांनी मला जाळीच्या टोपलीत लावले. खाली कोळशाचे तुकडे, वर नारळाच्या काथ्याचे तुकडे, त्यावर थोडे शेवाळ. मातीचा कणही नाही. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन केलेले पाणी तयार व्हायचे, त्यातला एक पेला रोज माझा.

शाळेतली वर्षे गमतीची गेली. मुलांनी माझ्या घटांत माश्या टाकल्या, पेन्सिलीचा भुसा टाकला, एकदा खोडरबर टाकले. एकाने चाचणीच्या आधी उत्तरांची चिठ्ठी घटात लपवली. तासाभराने काढली तर शाई माझ्या पोटात आणि कोरा कागद त्याच्या हातात. विज्ञान प्रदर्शनात माझ्यासमोर रांग लागायची. एका वर्षी आलेल्या पाहुण्यांनी घटात बोट घातले आणि ते शाबूत आहे असे दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरले. मला पहिले बक्षीस मिळाले. त्याची चिठ्ठी टोपलीला कितीतरी दिवस बांधलेली होती, आणि मलाही स्वतःचे जरा कौतुक वाटू लागले होते हे कबूल करते.

मग बाई निवृत्त झाल्या. प्रयोगशाळेला नवा रंग दिला आणि खिडकीत माझ्या जागी प्लॅस्टिकची घटपर्णी आली. तिला पाणी लागत नाही, ऊन लागत नाही, आणि पुसली की चकाकते. मला एका खोक्यात घालून कपाटावर ठेवले होते. बाई आपली कागदपत्रे न्यायला आल्या, त्यांनी खोके उतरवले आणि कोणाला न विचारता मला घरी नेले.

त्यांच्या घरी मला न्हाणीघराच्या खिडकीत जागा मिळाली. सकाळच्या गरम पाण्याची वाफ, कडेने येणारे ऊन, आणि ड्रममध्ये साठवलेले पावसाचे पाणी. याहून चांगली जागा मला मिळाली नसती. बाई एकट्या राहायच्या. रोज सकाळी त्या माझे घट मोजायच्या आणि आकडा मोठ्याने म्हणायच्या. "सात." दुसऱ्या दिवशीही, "सात." ज्या दिवशी "आठ" व्हायचे त्या दिवशी चहा जरा जास्त वेळ चालायचा. त्यांचा एक धाकटा भाऊ होता, त्याचा फोन वर्षातून दोनदा यायचा. एकदा त्यांच्या वाढदिवसाला, एकदा त्याच्या. स्वतःच्या वाढदिवसालाही तोच करायचा, कारण बाईंनी केला तर तो कामात असायचा.

एका सकाळी ड्रममधून पेला भरून वळताना बाईंचा पाय ओल्या फरशीवरून सरकला आणि त्या पडल्या. खुब्याचे हाड मोडले. ते पाणी माझ्यासाठी होते. पाय घसरून पडणारे मी आयुष्यभर पाहिले आहेत, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

बाईंचे ऑपरेशन झाले आणि तीन दिवसांनी भाऊ मला न्यायला आला. तो एसी आणि फ्रिज दुरुस्त करणारा मेकॅनिक. कमरेला पाने-पकडी अशा हत्यारांचा पट्टा, खिशात टॉर्च, आणि बोलणे चालता चालता. त्याच्याबद्दल मी पुढे बरेच काही सांगणार आहे, म्हणून आधीच सांगते, माणूस मनाचा सोन्यासारखा. त्याने ड्रममध्ये टॉर्च मारला. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "अरे बापरे," असे म्हणून त्याने ड्रम तिथेच आडवा केला. माझे वर्षभराचे पाणी मोरीतून निघून गेले. तेवढ्यात हॉस्पिटलमधून बाईंचा फोन आला. आवाज खोल गेला होता. त्या म्हणाल्या, "अरे, तिचं पाणी तेवढं..."

"ताई, तू झाडाची काळजी करू नकोस," तो म्हणाला. "मला सगळं कळतं."

आणि फोन ठेवून दिला. आजारी माणसाला त्रास द्यायचा नाही, हा त्यामागचा विचार. चांगलाच विचार होता तो, पण महागात पडला मला.

त्याचे घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे हे घर. चाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. त्याची बायको घरी केक करते आणि ऑर्डरप्रमाणे पाठवते. मागच्या खोलीत तिचे मोठे टेबल आहे. क्रीम वितळू नये म्हणून त्या खोलीतला एसी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असतो. त्या एसीची पाणी बाहेर नेणारी नळी गॅलरीत अर्धवट तुटलेली होती आणि खाली थेंब थेंब गळायची. जगभरच्या गळत्या बंद करणाऱ्याच्या घरीच ही गळती, यावरून ती त्याला रोज ऐकवायची. तो म्हणायचा, उद्या करतो.

बाईंना हॉस्पिटलमधून एका केंद्रात हलवले. तिथे अशा रुग्णांकडून व्यायाम करून घेतात आणि त्यांना पुन्हा चालायला शिकवतात. डॉक्टरांनी सांगितले की आता त्यांना एकटे राहता येणार नाही. भावाकडे राहायचे तर चाळीस पायऱ्या चढता आल्या पाहिजेत. नाही चढता आल्या, तर केंद्रातच राहायचे, कायमचे. बाईंपुढे हा एवढा सरळ हिशेब होता.

आणि बाई उठायलाच तयार नव्हत्या. फिजिओने हात पुढे केला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. केंद्रातून तसा फोन आला त्या दिवशी मेकॅनिक जेवला नाही.

इकडे माझी सेवा जोरात सुरू होती. त्याच्या धंद्याचा एकच मंत्र आहे, पाणी साचले की बिघाड झालाच. एसीच्या ट्रेमध्ये पाणी साचले की तो ट्रे काढायचा, घासायचा, कोरडा करायचा. वीस वर्षे हेच केल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्याला दिसले सात घट, सातांतही साचलेले पाणी, वर तरंगणाऱ्या मेलेल्या मुंग्या. बाईंच्या आजारपणात झाडाची साफसफाई राहून गेली असणार, असे त्याने बायकोला सांगितले. मग एकेक घट उलटा करून ओतला, बाटली घासायच्या ब्रशने साबण लावून आतून घासला आणि फडक्याने टिपून घेतला. एवढी स्वच्छ मी जन्मात नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्याचे लक्ष टोपलीकडे गेले. कोळसा आणि काथ्या बघून त्याला गलबलून आले. ताईला बिचारीला साधी मातीसुद्धा आणता आली नाही, एकटी बाई, कोण आणून देणार, असे म्हणत तो बाजारात गेला. निळ्या फुलांची चिनी मातीची कुंडी आणली. लाल माती, शेणखत आणि वरून घालायचे पांढरे दाणेदार खतही आणले. माझी टोपली आणि तिच्यातला कोळसा-काथ्या गॅलरीत भिरकावला गेला. पाणी द्यायचे ते तान्ह्या बाळाला देतात तसे, नळाचे पाणी वीस मिनिटे उकळून, गार करून, गाळून. उकळल्याने पाण्यातला क्षार जात नाही, उलट पाणी आटून तो वाढतो. माझ्या मुळांना तो क्षार तिखटासारखा झोंबतो. हे त्याला कोण सांगणार? मला तोंडे सात होती, पण बोलता एकालाही येत नव्हते.

शेवटी त्याला कोणीतरी सांगितले की हे झाड मांसाहारी आहे. झाले. रोज सकाळी उकडलेल्या अंड्याचे तुकडे प्रत्येक घटात. रिकाम्या, साबणाने धुतलेल्या पोटात अंडे कसे पचणार? ते तिथेच नासले. बायको म्हणाली की केकची ऑर्डर घ्यायला येणारी माणसे दारातूनच नाक दाबतात.

दोन महिन्यांत माझे सातही घट काठापासून तपकिरी होत वाळले. पानांच्या कडा काळ्या पडल्या आणि एकेक पान गळाले. शेवटी दांडा उरला, त्यावर दोन पाने. मित्रांनो, मला त्याचा राग आला का, असे तुम्ही विचाराल. नाही आला. रोज कामावर निघण्याआधी तो माझ्यापाशी उकिडवा बसायचा, पान उलटून बघायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा. मला त्याची कीव यायची. मरायची भीतीही वाटायची. दोन्ही एकाच वेळी वाटत होते.

त्याच दिवसांत बाईंनी फोनवर कित्येक दिवसांनी पहिल्यांदा काही विचारले. माझे किती घट झाले, एवढेच. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिले. शून्य. तो म्हणाला, "आठ झाले, ताई. आठवा कालच उघडला."

दुसऱ्या दिवशी केंद्रातून कळले की बाई वॉकर धरून चार पावले चालल्या.

आता अशा वेळी तुम्ही काय केले असते? त्याने तेच केले. दोघांचा ठराव झाला, प्रत्येक नव्या घटाला दहा पावले जास्त. तो फोनवर घट पिकवत राहिला आणि बाई पावले टाकत राहिल्या. आणि मग एके दिवशी बाईंनी फोटो मागितला.

त्या दुपारी तो काम सोडून रोपवाटिकेत गेला आणि दुसरी घटपर्णी घेऊन आला. तरुण, टवटवीत, नऊ घट. तिच्यासाठी ती निळी कुंडी हवी होती, म्हणून मला उपटले. टाकून द्यायला म्हणून तो मला कचऱ्याच्या डब्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथे बराच वेळ उभा राहिला. त्याला मला टाकवेना. मग गॅलरीत आला, तिथे पडलेल्या माझ्या जुन्या टोपलीत मला खोचले, तोच कोळसा-काथ्या भोवती दाबला आणि कोपऱ्यात ठेवून दिले. समोर भंगारातला एक कंप्रेसर सरकवला, म्हणजे मी त्याच्या नजरेला पडायला नको. रविवारी बघू, असे स्वतःशीच म्हणाला.

आणि त्या कोपऱ्यात ती नळी गळत होती.

टप्. पहिला थेंब काळ्या पडलेल्या दांड्यावर पडला. गार होता. त्यात क्षार नव्हता, खत नव्हते, साबण नव्हता, काहीच नव्हते. एसी हवेतला दमटपणा ओढून घेतो, त्याचेच ते पाणी. पावसाच्या पाण्याचे सख्खे भावंड म्हणा. टप्, टप्, दिवसभर. मुळांना चिकटलेले खत धुऊन गेले. कंप्रेसरच्या आडोशाने हवा दमट राहिली. वरची दोन पाने गेली, पण महिनाभराने बुडाशी एक हिरवा कोंब फुटला. माझ्याकडे कोणी बघत नव्हते, काही भरवत नव्हते, पुसत नव्हते. मी सुखात होते.

माझा जीव टांगणीला लागायचा तो फक्त बायको त्याला नळीवरून बोलायची तेव्हा. ती म्हणायची की गॅलरीत शेवाळ धरलेय, एक दिवस कोणीतरी पडेल. तिचेही बरोबरच होते, या कुटुंबाने पडणे एकदा पाहिले होते. मेकॅनिक म्हणायचा, उद्या नक्की. त्याचा तो 'उद्या'च मला जगवत होता असे म्हणा ना.

फोन करायला तो गॅलरीतच यायचा, बायकोसमोर खोटे बोलायची लाज वाटायची म्हणून. कंप्रेसरवर पाय ठेवून उभा राहायचा आणि त्याच्या बुटाच्या मागे मी. सुरुवातीला बोलणे दोन मिनिटांत संपायचे. किती घट, किती पावले, बरं ठेवतो. मग हळूहळू वाढले. बाई त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, त्यांनीच त्याला हाताला धरून शाळेत नेले होते. पहिल्या दिवशी तो रडून रडून ओकला होता हे त्यांनी सांगितले, तर तो म्हणाला की ओकली तू होतीस. मग दोघे हसत बसले. कधी कधी तर तो घटांचे सांगायचेच विसरायचा आणि फोन ठेवता ठेवता म्हणायचा, हां, आणखी एक आला बरं का. पावलांच्या पायऱ्या झाल्या. पाच पायऱ्या, बारा, वीस.

आत खिडकीत त्या नव्या पोरीचे हाल सुरू झाले होते. तीच माती, तेच खत, तेच उकळलेले पाणी. मेकॅनिक आता जुनेच फोटो वेगवेगळ्या बाजूंनी कापून पाठवू लागला. आणि ज्या सकाळी माझा पहिला नवा घट उघडला, त्या सकाळी तो कंप्रेसरवर पाय ठेवून बाईंना सांगत होता की आजही एक उघडला. आयुष्यात एकदाच तो माझ्याबद्दल खरे बोलला, आणि ते त्याला ठाऊकही नव्हते.

सहा महिन्यांनी बाई यायचा दिवस ठरला. सकाळी बायकोने क्रीमची पिशवी खाली ठेवून त्याला स्पष्ट सांगितले की आज एक तर तू सांग, नाही तर मी सांगते. तो म्हणाला, आधी वर तर येऊ दे. चाळीस पायऱ्यांच्या मध्येच कळले आणि ताई खाली बसली तर?

जिना या गॅलरीला लागूनच आहे. मी मोजत होते. आधी काठी, मग एक पाऊल, मग दुसरे. बाविसाव्या पायरीवर आवाज थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मेकॅनिक खालून म्हणाला की उचलून घेऊ का. मग काठीचा आवाज पुन्हा आला. तेवीस. मी हरखून गेले, हे सांगायला मला काही लाज वाटत नाही. चाळिसावी पायरी झाली आणि दार उघडले.

बाईंना मागच्या खोलीत, केकच्या टेबलापाशी बसवले. गॅलरीचे दार उघडेच होते. त्या पाणी प्यायल्या आणि आधी झाड दाखव म्हणाल्या. मेकॅनिक निळी कुंडी घेऊन आला. नऊ घटांतले दोन उरले होते, तेही वाळायला लागलेले. कुंडी त्याने टेबलावर ठेवली. बायकोने त्याच्याकडे पाहिले.

"ताई," तो म्हणाला, "हे तुझं झाड नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या फोटोपासून. माझ्या झाडाच्या घटाला काठावर लाल पट्टे आहेत. फोटोतला काठ हिरवा होता. एवढी वर्षं बघतेय मी तो काठ."

तो खुर्चीत बसला. मग का बोलली नाहीस, असे त्याने कसेबसे विचारले. बाई काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिल्या.

"आधी वर्षातून दोनदा फोन करायचास. मग रोज करायला लागलास. खोटं सांगायला का होईना, पण रोज. म्हटलं, बोलले तर बंद होईल."

"आणि चाललीस ती? पायऱ्या चढलीस ती?"

"तू एवढे खोटं बोलायचे कष्ट घेत होतास. मी चालायचे तरी घ्यायला नकोत?"

मेकॅनिक रडला. चांगला मोठा माणूस, कमरेला पट्टा, आणि हमसून हमसून रडला. बाईंचेही डोळे भरले होते. त्यांनी त्याला रडू दिले. मग माझी चौकशी केली, कुठे टाकलीस म्हणून. तो म्हणाला की टाकवली नाही गं, गॅलरीत आहे, वाळून काडी झाली असेल. ती काडी तरी दाखव, असे म्हणून बाई उठल्या.

कंप्रेसर बाजूला सरकला. डोक्यावर एकदम उजेड आला आणि समोर तीन चेहरे. माझ्या बुडापासून हाताएवढा नवा वेल उठला होता, त्याला सहा पाने होती, आणि तीन घट, लाल पट्ट्यांच्या काठांचे, काठोकाठ नसले तरी भरलेले.

"एक, दोन, तीन," बाई म्हणाल्या. मग भावाकडे वळून म्हणाल्या की तू तर बारा सांगितले होतेस.

"बाकीचे नऊ यांनी फोनवर पिकवले," बायको म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसली.

बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि नळीखाली हात धरला. एक थेंब तळहातावर पडला, दुसरा पडला. हे पावसाच्या पाण्यासारखेच असते, यात काहीही नसते, म्हणून तिला चालते, असे त्यांनी शिकवायच्या आवाजात सांगितले. मेकॅनिकने कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षे तो हे पाणी बादल्या भरभरून मोरीत ओतत आला होता. पण हात कपाळावरून खाली आला तो सरळ पट्ट्याकडे गेला. त्याने पकड काढली.

"थांब, आधी ही नळी नीट करतो. सगळं पाणी हिच्या डोक्यावर पडतंय."

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या.

पकड हातातच राहिली. त्याने नळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने तो प्रश्न विचारला.

"मग काय करू?"

"काही करायचं नाही. ते स्टूल घे आणि बस इथे."

तो बसला.

त्या गोष्टीला वर्ष झाले. नळी अजून गळते. खालची फरशी मात्र त्याने घासून खरखरीत केली आहे आणि भिंतीला धरायला दांडा बसवला आहे, तेही बाईंना विचारून. ती नवी पोरगी माझ्या शेजारी टोपलीत आली. तिला बरे व्हायला माझ्यापेक्षा कमी दिवस लागले, तरुण आहे. मेकॅनिक गिऱ्हाइकांच्या एसीचे पाणी कॅनमध्ये भरून आणतो आणि लोक विचारतात तेव्हा नुसता हसतो.

मित्रांनो, माझे मागणे हे. झाड असो, मांजर असो की घरातले दुखणेकरी माणूस असो, काळजी घ्यायला बसलात की आधी विचारा. त्याला विचारता येत नसेल तर त्याला ओळखणाऱ्याला विचारा. मला कोणी दुष्टाव्याने मारायला निघाले नव्हते. माझा जीव जात होता तो माणसाने न विचारता केलेल्या मायेने.

बाई रोज सकाळी इथे येऊन माझे घट मोजतात. आता त्या आपणहून आकडा म्हणत नाहीत, कारण मेकॅनिक कामावर निघण्याआधी स्टुलावर बसून त्यांना विचारतो, "किती?" घट त्याच्या समोरच असतात, त्याला दिसत असतात. तरी तो विचारतो.